गुरांच्या आरोग्यासाठी हळद : उपयोग आणि मर्यादा

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील आंजर्ले हे गाव जोग नदीच्या मुखाशी, एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस डोंगर अशा चिंचोळ्या पट्टीत वसलेले आहे. कड्यावरच्या गणपतीच्या देवस्थानामुळे ते सर्वत्र परिचित आहे. सखल भागात माडापोफळींची आगरे, त्यांच्यालगत भाताची खाचरे आणि वर चढावर वरकस जमीन व कातळ अशी तेथील भूमीची ठेवण आहे. या किनाऱ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. माणसाला छपराखाली बसता येते. पण नांगराच्या बैलाला चिखलात उभे राहावे लागते आणि दुभत्या गाईला ओल्या गोठ्यात बसावे लागते. खुरांतील जखमा, मानेवरील सूज, कासेचे दुखणे आणि माश्यांमुळे चिघळणारे व्रण या तक्रारी याच दिवसांत वाढतात.

अशा वेळी घरातील वडीलधाऱ्या माणसांचा हात प्रथम हळदीच्या डब्याकडे जातो. कोकणात हळद केवळ स्वयंपाकापुरती नसते. परसातील हळदीची पाने श्रावणात पातोळ्यांसाठी लागतात आणि कंद वर्षभराच्या उपयोगासाठी राखून ठेवला जातो. घाटावर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद व लोणी किंवा तूप लावून चोळण्याची, म्हणजे खांदमळणीची, प्रथा आहे. ही प्रथा केवळ पूजेचा भाग नसून वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची ती शुश्रूषाही आहे.

हळद गुणकारी आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ती कोणत्या विकारावर गुणकारी आहे, कशा रीतीने वापरली असता गुणकारी आहे आणि कोणत्या वेळी तिच्यावर विसंबून राहिल्यास जनावर हातचे जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक पशुपालकाला ठाऊक असणे आवश्यक आहे. ज्या घरी एकच गाय किंवा एकच बैलजोडी असते, त्या घरी या उत्तरांवर वर्षाचा संसार अवलंबून असतो.

हळदीत काय असते

वाळलेल्या हळदीचा बहुतांश भाग पिष्टाचा असतो. तिचा औषधी गुण दोन घटकांत आहे. पहिला घटक म्हणजे तिला पिवळा रंग देणारी द्रव्ये. त्यांतील प्रमुख द्रव्यास कर्क्युमिन असे म्हणतात. जात, जमीन व हवामान यांनुसार वाळलेल्या हळदीत या द्रव्यांचे प्रमाण साधारणतः शेकडा २ ते ६ इतके असते. दुसरा घटक म्हणजे तिला वास देणारे उडून जाणारे तेल.

कर्क्युमिन प्रथम १८१५ साली वेगळे काढण्यात आले आणि त्याची रासायनिक घडण १९१० साली निश्चित झाली. ते रोगजंतूंची वाढ रोखते, हे १९४९ साली प्रयोगांती प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या संशोधनातून असे दिसून आले की, कर्क्युमिन सूज निर्माण करणाऱ्या शरीरांतर्गत क्रियांना आळा घालते आणि जखमेत नवे मांस भरून येण्यास साहाय्य करते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सशांच्या जखमांवर हळदीचा लेप व मध यांची तुलना करण्यात आली. दोहोंचा गुण जवळजवळ सारखाच आढळला.

जखमेवर हळद लावणे हे आपल्याकडील ज्ञान किती जुने आहे, याचा निवाडा जागतिक पातळीवरही झाला आहे. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखमा भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट देण्यात आले होते. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना त्यास हरकत घेतली. जुने ग्रंथ व शोधनिबंध यांचे पुरावे सादर करण्यात आले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. जे ज्ञान घरोघरी पूर्वीपासून आहे, त्याला नवा शोध म्हणता येत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. हा वाद जखमेवर बाहेरून लावावयाच्या हळदीविषयीचा होता. हळदीने सर्व रोग बरे होतात, असा त्याचा अर्थ नव्हे.

बाहेरून लावलेली हळद आणि पोटात दिलेली हळद

हळदीच्या बाबतीत हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते पोटात गेले असता आतड्यातून रक्तात अत्यल्प प्रमाणात शोषले जाते. जे थोडे शोषले जाते त्याचेही आतड्यात व यकृतात लगेच रूपांतर होऊन ते शरीराबाहेर टाकले जाते. बेंगळुरू येथे झालेल्या व १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माणसांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन देण्यात आले. त्यांच्या रक्तात ते नाममात्रच सापडले. त्याबरोबर काळ्या मिरीतील पायपरीन हे द्रव्य २० मिलिग्रॅम दिले असता शोषणाचे प्रमाण पुष्कळ वाढले. परंतु ती वाढही थोडाच वेळ टिकली.

याचा व्यवहारातील अर्थ सोप्या हिशेबाने समजेल. हळदीत शेकडा ३ कर्क्युमिन आहे असे धरल्यास २ ग्रॅम कर्क्युमिनसाठी सुमारे ६७ ग्रॅम हळद लागेल. साठ किलो वजनाच्या माणसास एवढी हळद देऊनही ती रक्तात पोहोचत नसेल, तर केवळ वजनाच्या प्रमाणात पाहता तीनशे किलो वजनाच्या गाईस तेवढ्याच निष्फळ परिणामासाठी सुमारे ३३५ ग्रॅम हळद चारावी लागेल. शिवाय गाईच्या पोटाची रचना निराळी आहे. चारलेला पदार्थ प्रथम मोठ्या पोटात आंबतो आणि मगच पुढे जातो. सबब, गाईच्या पेंडीत चिमूटभर हळद टाकून तिचा ताप उतरेल किंवा फुप्फुसाची सूज जाईल, अशी अपेक्षा बाळगणे योग्य नाही.

बाहेरून लावलेल्या हळदीची गोष्ट वेगळी आहे. तेथे तिला रक्तातून प्रवास करावा लागत नाही. ती जेथे लागते तेथेच तिचे कार्य घडते. कातडी, खूर, सड, कास, तोंडातील व्रण ही तिची खरी कार्यक्षेत्रे होत. हळद जेथे प्रत्यक्ष लागते तेथे ती गुण देते, हे सूत्र लक्षात ठेवल्यास पुढील सर्व सूचना सहज ध्यानात राहतील.

कासदाह किंवा दगडी

दुभत्या जनावरांच्या रोगांत कासदाह हा सर्वांत नुकसानकारक रोगांपैकी एक आहे. खेडोपाडी त्यास दगडी असेही म्हणतात. धार काढल्यानंतर सडाचे छिद्र सुमारे अर्धा तास उघडे राहते. त्या वेळी जनावर ओल्या, घाण जमिनीवर बसल्यास रोगजंतू सडातून कासेत शिरतात. कास गरम व कठीण होते, हात लावू देत नाही, दुधात गाठी किंवा पाणी दिसते आणि क्वचित रक्तही येते. उपचारास विलंब झाल्यास तो सड कायमचा निकामी होतो.

या रोगासाठी हळदीचा जो लेप वापरला जातो, त्याचे प्रमाण तामिळनाडूतील पशुवैद्यकीय शास्त्रज्ञांनी पारंपरिक उपचारांचा अभ्यास करून निश्चित केले आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने दूध संघांमार्फत त्याचा प्रसार केला. एका दिवसासाठी त्याचे प्रमाण पुढीलप्रमाणे आहे : कोरफडीचे पान २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि विड्यास लावतात तो भिजवलेला चुना १५ ग्रॅम. कोरफडीचे काटे काढून, तुकडे करून ती हळद व चुन्यासह वाटावी. चुन्यामुळे वाटण तांबडे होते. हळदीपासून कुंकू करताना जी क्रिया घडते तीच ही होय. कर्क्युमिनला चुन्यासारखा क्षार मिळाला की त्याचा रंग पिवळ्याचा तांबडा होतो. रंग पालटला नाही तर चुना कमी पडला किंवा हळद शुद्ध नाही, असे समजावे.

लेप लावण्यापूर्वी कास कोमट पाण्याने धुऊन सर्व सडांतील दूध पूर्ण काढून टाकावे. नंतर मूठभर वाटण घेऊन त्यात १५० ते २०० मिलिलिटर पाणी मिसळावे आणि ते पातळ मिश्रण संपूर्ण कासेस लावावे. असे दिवसातून आठ ते दहा वेळा, पाच दिवस करावे. वाटण रोज ताजे करावे. त्याबरोबर पहिले तीन दिवस दोन लिंबे कापून दिवसातून दोनदा चारावीत, असेही या कृतीत सांगितले आहे. पाच दिवसांच्या उपचारास एकूण २५० ग्रॅम हळद, सव्वा किलो कोरफड आणि ७५ ग्रॅम चुना लागतो. यांतील प्रत्येक वस्तू कोकणातील परसात किंवा गावच्या दुकानात मिळते.

चुन्याच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. न विझवलेला कळीचा चुना कधीही वापरू नये. तो पाण्याशी संयोग पावून उष्णता निर्माण करतो आणि कासेची कातडी भाजते.

या उपचाराने पुष्कळ जनावरांना आराम पडल्याचे दूध संघांच्या क्षेत्रातील अनुभव सांगतात. तथापि उपचार केलेली व न केलेली जनावरे शेजारी ठेवून काटेकोर तुलना केलेले प्रयोग त्या मानाने थोडे आहेत. यास्तव हा लेप रोगाच्या आरंभी, जनावर खात-पीत असताना करावयाचा उपाय मानावा. जनावरास ताप असेल, त्याने चारा सोडला असेल, कास थंड पडून निळसर झाली असेल अथवा दोन दिवसांत उतार दिसत नसेल, तर पशुवैद्यास बोलावण्यास क्षणाचाही विलंब करू नये. थंड व निळी पडलेली कास म्हणजे आतील मांस मरू लागल्याची खूण होय. तेथे लेपाचा काहीही उपयोग नाही, आणि गाईचा जीवही धोक्यात असतो.

लेप लागू पडल्यास एक मोठा लाभ होतो. प्रतिजैविक औषध दिलेल्या गाईचे दूध ठराविक दिवस विकता येत नाही, कारण औषधाचा अंश दुधात उतरतो. त्या औषधांचा वारंवार वापर झाल्यास रोगजंतूही त्यांना दाद देईनासे होतात. सौम्य रोग लेपाने बरा झाला, तर प्रतिजैविके खऱ्या गरजेसाठी राखून ठेवता येतात. मात्र रोगी सडाचे दूध कोणत्याही परिस्थितीत इतर दुधात मिसळू नये व वासरासही पाजू नये. तसेच प्रत्येक वेळी धार काढण्यापूर्वी लेप धुऊन टाकावा.

रोग येऊ न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. धार काढून झाल्यावर गाईपुढे लगेच वैरण टाकावी, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील आणि सडाचे छिद्र मिटेल. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर काढून पाहाव्यात. गाठी असल्यास त्या काळ्यावर ताबडतोब उठून दिसतात.

खुरांच्या जखमा आणि खांद्याची सूज

चिखलणीच्या दिवसांत बैलांचे खूर सतत पाण्यात राहून मऊ पडतात. त्यांत खडा किंवा काटा रुतला की जखम होते व ती कुजते. अशा जखमांसाठी वरील मंडळानेच प्रसृत केलेले हळदीचे तेल उपयोगी पडते. खोबरेल किंवा तिळाचे तेल अर्धा लिटर, हळद २० ग्रॅम, लसणाच्या १० पाकळ्या आणि कडुलिंब, तुळस, मेंदी व खोकली यांचा प्रत्येकी मूठभर पाला घ्यावा. पाला, लसूण व हळद वाटून तेलात मंद आचेवर उकळावे व थंड करून ठेवावे. खूर स्वच्छ धुऊन, कोरडे पुसून मगच ते लावावे. ओल्या जखमेवर तेल बसत नाही. उपचार चालू असेपर्यंत जनावर कोरड्या जागी बांधावे. चिखलात उभ्या जनावराच्या खुरास कोणतेही औषध लागू पडत नाही.

जखमेत अळ्या पडल्या असल्यास हळद पुरेशी नाही. तिने अळ्या मरत नाहीत. पहिल्या दिवशी सीताफळाच्या पाल्याचे वाटण किंवा कापूर घातलेले खोबरेल लावून अळ्या बाहेर काढाव्यात आणि त्या सर्व निघाल्याची खात्री झाल्यावर हळदीचे तेल लावावे. जखम खोल असल्यास हे काम पशुवैद्याकडूनच करून घ्यावे.

जू घासून बैलाचा खांदा सुजला, म्हणजे खांदा आला, तर पहिला उपचार विश्रांती हाच होय. आरंभीच्या एक-दोन दिवसांत थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. त्यानंतर तेलात कालवलेल्या हळदीचा लेप लावावा. सूज असताना बैल पुन्हा जुंपल्यास खांद्यावर कायमची कठीण गाठ धरते. ती लेपाने विरत नाही आणि प्रसंगी शस्त्रक्रिया करावी लागते. चार दिवसांची नांगरणी राखण्यासाठी बैलाची पुढील चार वर्षे गमावणे हा तोट्याचा व्यवहार आहे. जू खरखरीत अथवा असमतोल असल्यास ते तासून घ्यावे. नाहीतर सुजेचे मूळ तसेच राहते.

लाळ्या खुरकूत आणि लम्पी

लाळ्या खुरकूत हा विषाणूजन्य रोग आहे. त्यात तोंडात व खुरांच्या बेचक्यांत फोड येतात, जनावर लाळ गाळते व खाणे सोडते. हळद, जिरे, मेथी व मिरी प्रत्येकी १० ग्रॅम, लसणाच्या ४ पाकळ्या, गूळ १२० ग्रॅम आणि एक नारळ किसून केलेले मिश्रण जनावराच्या तोंडात, जिभेवर व टाळ्यावर हळुवार लावण्याची कृती आहे. तिने तोंडातील व्रण शमतात व जनावर लवकर चारा घेऊ लागते. खुरांसाठी वर सांगितलेले तेलच वापरावे.

मात्र येथेही हळद व्रणावर काम करते, विषाणूवर नव्हे. रोगाचा प्रसार थांबवावयाचा तर वर्षातून दोनदा दिली जाणारी लस टोचून घेणे हाच एक मार्ग आहे. केंद्र शासनाने २०१९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात या लसीचा समावेश आहे. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी त्वचारोगाची मोठी साथ आली, तेव्हाही हाच धडा मिळाला. गाठी फुटून झालेल्या जखमांवर हळदीच्या तेलाचा उपयोग होतो. पण गोठ्यातील उरलेल्या जनावरांना वाचवते ती लसच.

जेथे हळदीवर विसंबू नये

काही रोगांत वेळ तासांनी मोजावा लागतो. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसणे म्हणजे जनावर गमावणे होय.

घटसर्प हा पावसाळ्याच्या आरंभी येणारा रोग म्हशींना विशेष मारक आहे. तीव्र ताप येतो, घसा सुजतो, श्वास घेताना घरघर होते आणि पुष्कळदा एका दिवसात जनावर मरते. घशाच्या सुजेवर हळदीचा गरम लेप लावण्याने रक्तात पसरलेले जंतू मुळीच थांबत नाहीत. फऱ्या रोगात मांसल भागावर सूज येते व ती दाबली असता करकर आवाज होतो. त्यासही हेच लागू आहे. या दोन्ही रोगांच्या लशी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्याव्यात.

जनावर एकाएकी मरून नाकातोंडातून काळपट रक्त आल्यास फाशी, म्हणजेच काळपुळी, या रोगाचा संशय घ्यावा. असे जनावर फाडू नये, त्याचे कातडे काढू नये. पशुवैद्यास कळवून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. हा रोग माणसांनाही होतो.

कुत्रा चावल्यास जखमेत हळद, चुना वा तिखट भरण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती अत्यंत घातक आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाची जखम वाहत्या पाण्याने व साबणाने किमान पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब लस टोचून घ्यावी. जनावर पिसाळल्याचा संशय असल्यास त्याच्या तोंडात हात घालू नये.

रत्नागिरीच्या कातळावर फुरसे हा विषारी साप पुष्कळ आढळतो. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. त्यावर सर्पविषप्रतिबंधक लस हाच उपाय आहे, हळद नव्हे.

व्यालेली गाय एक-दोन दिवसांत थंड पडून मान वळवून बसली, तर तिच्या रक्तातील चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, घटलेला असतो. तिला शिरेतून कॅल्शियम द्यावे लागते. हळद-गूळ चारण्यात गेलेला वेळ तिच्या जिवावर बेततो.

नवजात वासराच्या नाळेस हळद व राख लावण्याची रीतही सोडून द्यावी. राखेतून व मातीतून धनुर्वाताचे जंतू शिरण्याचा धोका असतो. नाळ स्वच्छ कापून तिला टिंक्चर आयोडीन लावावे.

कोंबड्यांच्या खाद्यातील हळद

हळद पोटात देण्याचा थोडाफार लाभ दाखवून देणारे प्रयोग मुख्यतः कोंबड्यांवर झालेले आहेत. कोकणच्या दमट हवेत मका, शेंगदाणा पेंड व कोंडा यांना बुरशी लवकर लागते. काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते व ते कोंबडीचे यकृत बिघडवते. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा विषारी खाद्यात हळदीची पूड मिसळली असता पिलांवरील दुष्परिणाम काही अंशी कमी झाल्याचे दिसले. पण ते काही अंशीच. बुरशीयुक्त खाद्य हळद मिसळून शुद्ध होत नाही. खाद्य कोरड्या जागी, जमिनीपासून उंच फळीवर ठेवणे आणि बुरशी लागलेले खाद्य टाकून देणे, हीच खरी खबरदारी होय.

एरवी निरोगी जनावरास खाद्यातून रोज मोठ्या प्रमाणात हळद देण्याची काही आवश्यकता नाही. गाभण जनावरास व शस्त्रक्रियेपूर्वी कोणत्याही जनावरास औषधी मात्रेत हळद देऊ नये. मांजरांच्या यकृतात अशा द्रव्यांचा निचरा नीट होत नसल्याने त्यांनाही ती देऊ नये. माणसांतही हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्या, विशेषतः मिरीच्या अर्कासह, दीर्घकाळ घेतल्याने यकृतास इजा झाल्याची उदाहरणे अलीकडे नोंदली गेली आहेत. गुणकारी वस्तूही मात्रा सोडल्यास अपायकारक ठरते.

हळद शुद्ध हवी

औषधासाठी वापरावयाची हळद शुद्ध असणे अगत्याचे आहे. बाजारातील सुट्या पुडीत मेटॅनिल यलो हा रंग किंवा शिसेयुक्त क्रोमेट मिसळल्याचे प्रकार घडतात. शिसे हे विष आहे. व्रणावर लावलेली किंवा जनावराने चाटलेली भेसळयुक्त हळद औषधाऐवजी अपाय करते. पुडीच्या पाण्यातील द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकल्यावर किरमिजी रंग आला व पाणी वाढवूनही तो टिकला, तर मेटॅनिल यलोची भेसळ समजावी. हे आम्ल दाहक असल्याने अशी चाचणी प्रयोगशाळेतच करून घ्यावी. याहून सोपा मार्ग म्हणजे अखंड हळकुंडे घेऊन घरी कुटणे, आणि त्याहूनही उत्तम म्हणजे घरचीच हळद करणे.

आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यावरील गावांस हे सहज साध्य आहे. हळदीस विरळ सावली मानवते. माडापोफळींच्या आगरात तिला ती आपोआप मिळते. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने दापोलीच्या किनाऱ्यावरील आगरांची फार मोठी हानी केली. ज्या आगरांत नव्याने रोपे लावली आहेत, तेथे माड मोठे होईपर्यंत मधल्या जागेत हळदीचे आंतरपीक घेता येते. रोपांची सावली अपुरी असल्यास वाफ्यांवर झावळ्यांचे आच्छादन करावे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातून यासंबंधी मार्गदर्शन मिळू शकते.

पावसाच्या आरंभी निरोगी गड्डे अथवा बगल गड्डे गादीवाफ्यावर लावावेत. पाणी साचू देऊ नये. साचल्यास कंद कुजतो. सुमारे आठ-नऊ महिन्यांनी पाने वाळल्यावर कंद काढून पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवावेत व उन्हात दहा-पंधरा दिवस वाळवावेत. ओल्या हळदीची वाळून साधारणतः पाचवा हिस्सा हळद राहते. म्हणजे एका गाईच्या कासदाहाच्या उपचारास लागणाऱ्या २५० ग्रॅम हळदीसाठी सुमारे सव्वा किलो ओली हळद पुरते. एक लहान वाफा गोठ्याची वर्षाची गरज भागवतो. पूड मात्र थोडी थोडीच करावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवावी, कारण कर्क्युमिन प्रकाशाने विघटित होते. आंबेहळद ही निराळी वनस्पती आहे. वरील कृतींत तिचा वापर करू नये.

समारोप

सारांश, हळद ही कातडी, खूर, कास व तोंड येथील व्रणांची आणि सुजेची उत्तम सोबतीण आहे. ताप, साथीचे रोग, सर्पदंश आणि श्वानदंश यांच्यापुढे ती दुर्बल आहे. प्रत्येक पशुपालकाने पावसाळ्यापूर्वी तीन गोष्टींची तयारी ठेवावी : घटसर्प, फऱ्या व लाळ्या खुरकूत यांच्या लशी टोचून झालेल्या असाव्यात, घरची शुद्ध हळद, कोरफड व खोबरेल हाताशी असावे, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक व १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर ठळक लिहिलेला असावा. जखम दिसली की हळद लावावी. मात्र जनावराने चारा सोडला, त्याला ताप आला किंवा श्वास लागला, तर हळदीचा डबा बाजूस ठेवून प्रथम पशुवैद्यास बोलवावे.